राष्ट्राध्यक्षांच्या जावयाचे कागद कसे वाचावेत

परदेशी उद्योजकाची फाइल टेबलावर येते. पासपोर्ट एका देशाचा, कंपन्या दुसऱ्याच देशांत, आणि बोलता बोलता कळते की सासरे तिसऱ्याच देशाचे राष्ट्राध्यक्ष आहेत. मग कोणी सासऱ्यांचे नाव ऐकून फाइल परत पाठवतो, तर कोणी तेच नाव ऐकून लगबगीने मंजूर करतो. दोन्ही वेळा कागद न वाचताच निर्णय झालेला असतो.

पुढची पद्धत बँकेतले केवायसी पाहणारे अधिकारी, सीए, हिऱ्यांचे व्यापारी आणि पैशाच्या मागावर असलेले पत्रकार यांच्यासाठी आहे. उदाहरण एकच घेतले आहे, कारण त्याचे कागद जगासमोर आलेले आहेत: सिंडिका डोकोलो. जन्म १९७२, किन्शासा. वडील काँगोतले बँकर, आई डेन्मार्कची. २००२ मध्ये त्यांचे लग्न इझाबेल डॉस सँटोस यांच्याशी झाले. इझाबेलचे वडील जोझे एदुआर्दो डॉस सँटोस १९७९ ते २०१७ अशी ३८ वर्षे अंगोलाचे राष्ट्राध्यक्ष होते. जानेवारी २०२० मध्ये आयसीआयजे या शोधपत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संघाने ७ लाख १५ हजारांहून अधिक कागदपत्रांवरून 'लुआंडा लीक्स' ही मालिका प्रसिद्ध केली. त्यात या दांपत्याचे व्यवहार उलगडले. दोघांनीही आरोप फेटाळले आणि हा राजकीय सूड असल्याचे सांगितले. डोकोलो ऑक्टोबर २०२० मध्ये दुबईत समुद्रात डायव्हिंग करताना वारले. इथे दिलेल्या व्यवहारांबद्दल त्यांच्या हयातीत गुन्हा सिद्ध झाला नव्हता, हे ध्यानात ठेवूनच पुढचे वाचावे.

आधी सोयरीक, मग कंपन्या

एक मोठा कागद आडवा घ्या आणि मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे सासरच्या माणसांची पदे आणि पदावर आल्या-गेल्याच्या तारखा, उजवीकडे जावयाने केलेल्या खरेद्या, परवाने, कर्जे आणि भागीदाऱ्या. रेघेवर लग्नाची तारीख. डोकोलोंच्या बाबतीत हा कागद असा भरतो. डावीकडे: १९७९, सासरे सत्तेवर. जून २०१६, पत्नी सोनांगोल या सरकारी तेल कंपनीच्या अध्यक्षपदी. सप्टेंबर २०१७, सासरे पायउतार. नोव्हेंबर २०१७, नवे राष्ट्राध्यक्ष जुआँव लोरेन्सू यांनी इझाबेलना सोनांगोलमधून काढले. उजवीकडे: २००६, तेल कंपनीतला हिस्सा. २०१२, स्विस जवाहिऱ्याची खरेदी. डिसेंबर २०१९, अंगोलाची राजधानी लुआंडा इथल्या न्यायालयाने दोघांची मालमत्ता गोठवली.

कागद भरला की दोन्ही बाजूंच्या तारखा जुळवा. लग्नाआधी त्या देशात एकही व्यवहार नाही आणि लग्नानंतर सरकारी कंपन्यांशी भागीदाऱ्या सुरू होतात, हा पुरावा नव्हे. कुठले कागद आधी मागवायचे, ते मात्र यावरून ठरते.

नावाच्या शोधावर इथे विसंबू नका. बँकांची स्क्रीनिंगची सॉफ्टवेअर नावे जुळवतात, आणि जावयाचे आडनाव सासऱ्यांचे नसते. 'डोकोलो' टाकून अंगोलाचे राष्ट्राध्यक्ष सापडणार नाहीत. उलट 'डॉस सँटोस' टाकाल तर पोर्तुगीज जगात ते आडनाव आपल्याकडच्या पाटील-जाधवांइतके ढिगाने असल्यामुळे शेकडो नावे अंगावर येतील आणि कंटाळलेला कर्मचारी सगळीच 'जुळत नाही' म्हणून बंद करील. त्यामुळे फॉर्मवर सरळ प्रश्न विचारा: तुमचे, जोडीदाराचे, किंवा दोघांच्या आईवडिलांपैकी कोणाचे कुठल्याही देशात सरकारी, लष्करी, न्यायालयीन किंवा पक्षातले वरिष्ठ पद आहे का, किंवा होते का? खाली सही घ्या. माणूस खोटे बोलला तरी निदान कागद तुमच्या बाजूने राहतो.

लग्नाची मालमत्ता-व्यवस्थाही विचारा. गोव्यातल्या वाचकांना हे नवीन नाही. तिथे पोर्तुगीज नागरी संहितेमुळे, वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते, आणि आयकर कायद्याचे जुने कलम ५ए त्यासाठीच आले. जिथे अशी सामाईक व्यवस्था लागू आहे, तिथे 'हे शेअर माझे, बायकोचा संबंध नाही' या वाक्याला विवाहाचा करार पाहिल्याशिवाय किंमत नाही.

टक्क्यांचा गुणाकार

आता कंपन्यांची उतरंड. २००६ मध्ये सोनांगोलने नेदरलँड्समधल्या एस्पेराझा होल्डिंग या आपल्या कंपनीचा ४० टक्के हिस्सा डोकोलोंच्या एग्झेम एनर्जी या कंपनीला विकला. एस्पेराझाकडे आमोरिम एनर्जिया या दुसऱ्या कंपनीचे ४५ टक्के. त्या आमोरिमकडे, मालिका आली तेव्हा, पोर्तुगालच्या गाल्प या तेल कंपनीचे ३३.३४ टक्के.

गुणाकार करा: ०.४० × ०.४५ × ०.३३३४. उत्तर येते ०.०६, म्हणजे गाल्पमध्ये जावयाचा हिस्सा सुमारे ६ टक्के. भारतात मार्च २०२३ पासून मनी लाँडरिंगविरोधी नियमांत कंपनीचा खरा लाभार्थी मालक ठरवायची मर्यादा २५ वरून १० टक्क्यांवर आली. या मोजपट्टीने एस्पेराझात जावई दिसतो (४० टक्के), आमोरिमच्या पातळीवरही दिसतो (१८ टक्के), आणि गाल्पपर्यंत येताना नाहीसा होतो. म्हणून ज्या कंपनीशी तुमचा व्यवहार आहे तिच्यापाशी थांबू नका. एकेक पायरी वर चढत जा, आणि प्रत्येक पायरीवर नवी मोजणी करा.

टक्क्यांखेरीज ताब्याचाही निकष आपल्या नियमांत आहे: बहुसंख्य संचालक नेमण्याचा किंवा कारभाराची दिशा ठरवण्याचा हक्क कोणाकडे आहे. तो शेअरच्या यादीत सापडत नाही, भागधारकांमधल्या करारात सापडतो. तो करार मागितल्यावर 'गोपनीय आहे' असे उत्तर हमखास येते. मग संपूर्ण करार मागू नका. संचालकांची नेमणूक, नकाराधिकार, नफ्याची वाटणी आणि बाहेर पडण्याच्या अटी एवढी चार कलमे मागा. तीही मिळाली नाहीत तर फाइलवर तसे लिहून ती वरच्या अधिकाऱ्याकडे पाठवा.

नोंदी कुठे मिळतात? ब्रिटनच्या कंपनीज हाउसवर कागद फुकट उतरवता येतात. स्वित्झर्लंडची व्यापारी नोंदवही 'झेफिक्स'वर पाहता येते. माल्टा आणि नेदरलँड्समध्ये ताळेबंदांच्या प्रतींना शुल्क पडते. युरोपात लाभार्थी मालकांच्या नोंदवह्या काही काळ सर्वांना खुल्या होत्या, पण २२ नोव्हेंबर २०२२ रोजी युरोपीय न्यायालयाने ती सरसकट खुली वाट रद्द केली. तिथल्या अनेक देशांत आता कायदेशीर हेतू दाखवावा लागतो. आयसीआयजेचा ऑफशोअर लीक्स शोधसाठा फुकट आहे, मात्र त्यात नाव असणे म्हणजे गैरव्यवहार नव्हे, हे ते स्वतःच लिहितात. सरकारी आदेश पाहायचे असतील तर त्या देशाचे राजपत्र चाळावे. अंगोलाचे राजपत्र पोर्तुगीजमध्ये निघते. त्यात 'देक्रेतू प्रेझिदेन्सियाल' म्हणजे राष्ट्राध्यक्षांचा आदेश. तिथे कंपनीचे नाव शोधावे, माणसाचे नव्हे. आदेशात जावयाचे नाव कोण कशाला लिहील?

चार रकाने

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. प्रत्येक व्यवहारासाठी चार रकाने आखा: पैसा कोणाचा, जोखीम कोणाची, समोरून सही कोणाची, तारीख कोणती. मालकीची टक्केवारी मुद्दामच यात नाही. ती शेवटी लिहायची आणि मग बाकीच्या चारांशी ताडून पाहायची.

डी ग्रिसोगोनो या जिनिव्हाच्या जवाहिऱ्याचा व्यवहार या रकान्यांत बसवून पाहा. २०१२ मध्ये अंगोलाची सरकारी हिरेविक्री कंपनी सोडियाम आणि डोकोलो यांनी भागीदारी केली. मालकी ५०-५०. ती ठेवली होती माल्टातल्या कंपन्यांत.

पैसा: करारानंतर १८ महिन्यांनी सोडियामचे ७ कोटी ९० लाख डॉलर आत गेलेले, डोकोलोंचे ४० लाख. म्हणजे एकूण ८ कोटी ३० लाखांतले ९५ टक्के सरकारी कंपनीचे, आणि मालकी मात्र अर्धी-अर्धी. पुन्हा, व्यवहार जमवून दिल्याबद्दल सोडियामने डोकोलोंना ५० लाख युरोंचे 'सक्सेस फी' दिले. २०१२ च्या दराने ते ६० लाख डॉलरांच्या वर जाते. घातलेल्या रकमेपेक्षा मिळालेली दलाली मोठी! अधिक महिन्यात जावयाला वाण देतात ते तेहतीस अनारशांचे असते. इथे ताट सरकारी कंपनीने वाढले.

जोखीम: सोडियामने आपला पैसा कर्जाऊ घेतला, ९ टक्के व्याजाने, ज्या खासगी बँकेत इझाबेल सर्वांत मोठ्या भागधारक होत्या तिच्याकडून. म्हणजे धंदा बुडाला तरी व्याज कुटुंबाच्या बँकेला मिळत राहणार. धंदा बुडालाच. जानेवारी २०२० च्या अखेरीस डी ग्रिसोगोनोने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. कर्ज फिटेपर्यंत सोडियामला २० कोटी डॉलरांहून जास्त तोटा झालेला असेल, असे तिच्या प्रमुखांनी बीबीसीला सांगितले होते.

सही: या कर्जाला हमी राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने, म्हणजे सासऱ्यांच्या सहीने.

तारीख: भागीदारी २०१२ ची, म्हणजे सासरे सत्तेवर असतानाची.

हा तक्ता समोर असला की '५०-५० भागीदारी' या शब्दांत काहीच उरत नाही. तपासणाऱ्याची नेहमीची चूक अशी की तो भागधारकांची यादी पाहून, बरोबरीची भागीदारी आहे असे टिपून पुढे जातो. ताळेबंदातले 'भागधारकांकडून घेतलेले कर्ज' हे शीर्षक उघडतच नाही. माल्टाच्या काय किंवा नेदरलँड्सच्या काय, होल्डिंग (म्हणजे इतर कंपन्यांचे शेअर धरून ठेवणाऱ्या) कंपन्यांमध्ये भागभांडवल नाममात्र असते आणि खरा पैसा या शीर्षकाखाली येतो. कोणत्या भागधारकाने किती दिले, व्याज किती, आधी कोणाचे फिटणार, या तीन गोष्टी ताळेबंदाच्या टिपांत असतात. तिथून सुरुवात करा.

उधारीच्या अटी

एस्पेराझाच्या ४० टक्क्यांची किंमत साडेसात कोटी युरो ठरली होती. त्यातले सुमारे १५ टक्केच रोख. उरलेली ६ कोटी ३० लाखांच्या वरची रक्कम विकणाऱ्या सोनांगोलनेच उधारीवर सोडली, हलक्या व्याजाने, आणि ११ वर्षे फेड मागायची नाही अशा बोलीवर. मालिका आली तेव्हा या हिश्श्याची किंमत ७५ कोटी युरोंच्या पुढे होती.

विकणारा स्वतःच खरेदीदाराला कर्ज देतो, याला धंद्यात नवल नाही. जमिनीच्या व्यवहारांतही हप्ते असतात. पाहायचे असते ते असे: हीच सवलत त्याच काळात बाहेरच्या कोणा खरेदीदाराला मिळाली असती का? त्यासाठी तीन आकडे काढा. पहिला, रोख भरलेला वाटा. दुसरा, व्याजाचा दर आणि त्या चलनातला त्या वर्षीचा बाजारदर. तिसरा, पहिला हप्ता येईपर्यंतची वर्षे. मधल्या काळात लाभांश कोणाच्या खात्यात गेला, तेही तपासा. उधारीवर घेतलेल्या शेअरचा लाभांश घेणाऱ्यालाच मिळत असेल तर कर्ज आपल्या आपण फिटते.

मग फेडीचा दिवस पाहा. कर्ज देताना कोण होते हे सगळे बघतात, परत घेताना कोण होते हे बघायचे राहून जाते. २०१७ मध्ये एग्झेमने सोनांगोलला रक्कम परत देऊ केली. त्यात सुमारे ९० लाख युरोंचे व्याज नव्हते. ती पूर्ण फेड म्हणून स्वीकारली गेली तेव्हा सोनांगोलच्या अध्यक्षपदी इझाबेल होत्या. सहा दिवसांनी त्यांना पदावरून काढले, आणि नव्या व्यवस्थापनाने पैसे परत पाठवले. जुलै २०२१ मध्ये नेदरलँड्समधल्या लवादाने एग्झेमची ती मूळ खरेदीच रद्दबातल ठरवली. १५ वर्षांपूर्वीचा व्यवहार पुसला गेला. मधल्या काळात कोणी या शेअरच्या तारणावर कर्ज दिले असते, तर हाती कागद राहिला असता आणि तारण गेले असते.

भारतातल्या फाइलवर काय लिहायचे

बँकेच्या भाषेत अशा माणसाला 'पेप' म्हणतात. आपल्या नियमांत पेप म्हणजे परदेशाने मोठे सार्वजनिक पद सोपवलेली व्यक्ती: राष्ट्रप्रमुख, ज्येष्ठ राजकारणी, वरिष्ठ लष्करी, न्यायालयीन वा सरकारी अधिकारी, सरकारी कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी, पक्षांचे महत्त्वाचे पदाधिकारी. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांनुसार कुटुंबीय आणि निकटवर्तीयांनाही तेच नियम. त्यामुळे परदेशी राष्ट्राध्यक्षांच्या जावयाचे खाते उघडायचे तर वरिष्ठ व्यवस्थापनाची मंजुरी, पैशाच्या उगमाची चौकशी आणि नेहमीपेक्षा कडक देखरेख, तिन्ही हवेत.

जुन्या खातेदाराचे काय? दहा वर्षे साधे खाते असलेल्या व्यापाऱ्याने परदेशी मंत्र्याच्या मुलीशी लग्न केले, तर त्या दिवसापासून त्याचा वर्ग बदलतो. नाते चालू ठेवायला वरिष्ठांची मंजुरी नव्याने घ्यावी लागते. हे नेमके चुकते, कारण लग्नाची बातमी कोणत्याच संगणकात आपोआप शिरत नाही. केवायसी नव्याने करताना वैवाहिक स्थिती बदलली आहे का हा रकाना केवळ खूण करण्यापुरता ठेवू नका. बदलली असेल तर वर दिलेला नात्यांचा प्रश्न पुन्हा विचारा.

उगमाच्या चौकशीत दोन गोष्टी वेगळ्या ठेवा: माणसाची एकूण संपत्ती कुठून आली, आणि आज खात्यात येणारी ही रक्कम कुठून आली. डोकोलोंची पहिली गोष्ट पटण्यासारखी होती. वडील बँकर, स्वतः आफ्रिकी कलेचे मोठे संग्राहक, अंगोलातून युद्धकाळात चोरीला गेलेल्या, चोक्वे जमातीच्या कलावस्तू परत आणण्याची मोहीम चालवणारे. पण वडिलांची बँक १९८६ मध्येच काँगोतल्या मोबुटू सरकारने हिसकावली होती. घराण्याची श्रीमंती ऐकून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. प्रत्येक मोठ्या जमेसाठी विक्रीचा करार, लाभांशाचा ठराव किंवा कर्जाचा कागद, यांपैकी एक तरी लागतोच.

आता उलटी बाजू. परदेशी उद्योजक आपल्याकडच्या राजकारणी घराण्याचा जावई झाला तर? वरची व्याख्या फक्त परदेशी पदांची आहे, त्यामुळे नियमाने तो पेप नाही. बँक आपल्या धोरणानुसार त्याला जास्त जोखमीचा ठरवू शकते, आणि बऱ्याचदा ठरवावेच. पत्रकारांनी उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रावरही फार भिस्त ठेवू नये. फॉर्म २६ मध्ये उमेदवार, जोडीदार, हिंदू अविभक्त कुटुंब आणि अवलंबून असलेल्यांची मालमत्ता असते. लग्न होऊन गेलेली, स्वतः कमावणारी मुलगी आणि तिचा नवरा त्यात येत नाहीत. कंपनी कायद्याची मात्र जावयावर नजर आहे. २०१४ च्या नियमांतल्या 'नातेवाइकां'च्या यादीत 'मुलीचा पती' आहे. गंमत म्हणजे त्याच यादीत 'पत्नीचे वडील' नाहीत. सासरे कंपनीचे संचालक असतील तर जावयाशी झालेला व्यवहार संबंधित पक्षाचा ठरतो. जावई संचालक असेल तर या यादीपुरते सासरे परके! त्यामुळे संबंधित पक्षांचे व्यवहार शोधताना दोन्ही बाजूंच्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल काढा.

हिऱ्यांच्या व्यापाऱ्यांसाठी

मुंबई-सुरतेतल्या व्यापाऱ्याला कच्च्या हिऱ्याबरोबर किंबर्ले प्रमाणपत्र मिळाले की काम झाले असे वाटते. ही योजना २००३ मध्ये सुरू झाली ती बंडखोरांचे हिरे रोखण्यासाठी. अंगोलात 'उनिता'चे बंडखोर हिरे विकून युद्ध चालवत होते, त्यावर हा उपाय होता. सरकारी कंपनीने राष्ट्राध्यक्षांच्या जावयाला मर्जीने माल दिला तर तो या व्याख्येत बसतच नाही. प्रमाणपत्र खरे, सीलबंद डबा खरा, आणि तरीही पुढे देशात सत्ता बदलली की तो पुरवठादार न्यायालयात उभा. मोठ्या खरेदीत सरकारी विक्री कंपनीने या पुरवठादाराची निवड कोणत्या पद्धतीने केली, लिलावाने की नेमणुकीने, हे लेखी विचारा. नेमणूक असेल तर आदेशाची तारीख घ्या आणि वरच्या आडव्या कागदावर बसवा. आगाऊ रक्कम देऊ नका. पैसे माल हाती आल्यावर, पुरवठादाराच्या स्वतःच्या नावाच्या खात्यात. 'दुबईतल्या या दुसऱ्या कंपनीला पाठवा' असा निरोप आला की तिथे थांबायचे. १० लाख रुपये आणि त्यावरचे रोखीचे व्यवहार करणारे हिरे-सोन्याचे व्यापारी डिसेंबर २०२० पासून मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली माहिती देण्यास बांधील आहेत, हेही विसरू नये.

फाइल बंद करताना

सासरे पायउतार झाले की जोखीम संपली, असा समज सर्रास आढळतो. अंगोलात उलटे घडले. ३८ वर्षे कोणी कागद मागितले नाहीत, आणि सत्ता गेल्यावर सव्वादोन वर्षांत मालमत्ता गोठली. पत्नीवर ब्रिटनने निर्बंध लावले ते तर नोव्हेंबर २०२४ मध्ये, पतीच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. त्यामुळे फेरतपासणीची तारीख वर्षाच्या ठोकळ हिशेबाने न ठेवता, तिथल्या निवडणुकीची तारीख आणि नव्या सरकारचे पहिले सहा महिने यांच्याशी बांधा.

टिपण लिहिताना भाषा जपून वापरा. 'काळा पैसा', 'बेनामी', 'बाहुला' असले शब्द नकोत. 'अमुक तारखेच्या ताळेबंदात अमुक भागधारकाचे कर्ज इतके, दुसऱ्याचे इतके. कारण विचारले, उत्तर आले नाही' असे लिहा. फुटलेल्या कागदावरून काही घेतले असेल तर ते कुठे प्रसिद्ध झाले आणि संबंधिताने काय खुलासा केला, हे त्याच ओळीत नोंदवा. जिथे निकाल आहे तिथे निकालाची तारीख, जिथे नुसता आरोप आहे तिथे 'आरोप'. सासऱ्यांचे पद, जावयाचा हिस्सा आणि चार रकाने पहिल्या पानावर ठेवा. मंजुरी देणारा साहेब दुसरे पान उलटतोच असे नाही.